जुन्या लॅपटॉपचा भाव खालून वर मोजावा

प्रश्न डोंबिवलीच्या एका वडिलांचा आहे. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात त्यांनी लेनोवोचा थिंकपॅड टी४८० पाहिला. आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, ‘ए ग्रेड पीस’, एक महिना टेस्टिंग वॉरंटी. दुकानदार २४,००० सांगतोय आणि वर ‘नवा होता तेव्हा लाखाचा होता’ हेही ऐकवतोय. भाव रास्त आहे का, आणि तो आपला आपण कसा ओळखायचा, असं त्यांनी विचारलंय. सोबत तीन फोटो आहेत: चालू स्क्रीन, बंद झाकणाशेजारी चार्जर आणि खालचं लेबल.

नमस्कार. आधी उत्तर देऊन टाकतो. चोवीस हजार जास्त आहेत. फोटोंवरून मी त्या पीसला साडेपंधराच्या वर हात लावला नसता. पण नुसता माझा आकडा घेऊन तुम्ही काय करणार? उद्या शेजारच्या दुकानात दुसरा पीस पाहाल, तिथे तो चालायचा नाही. म्हणून आकडा कसा आला ते सांगतो.

लॅपटॉप दुरुस्ती आणि जुन्या मालाची खरेदी-विक्री यात माझी पंचवीस वर्षं गेली. ‘नवा लाखाचा होता’ हे वाक्य बहुतेक रोज कानावर पडतं. ते खोटं असतं असं नाही. पण एकदा का तुम्ही लाखापासून खाली यायला लागलात, की पंचवीस हजारसुद्धा फुकट वाटतात आणि दुकानदाराने सोडलेला प्रत्येक हजार मेहेरबानी वाटतो. मी उलटं करतो, तळापासून वर चढतो.

तळ म्हणजे बंद पडलेला टी४८०. बोर्ड गेलेला, पण पॅनेल, कीबोर्ड आणि बॉडी धड असलेला पीस मी सुट्या भागांसाठी पाच-साडेपाच हजारांना उचलतो. त्याच्या खाली भाव जात नाही. छत म्हणजे मुलीचं काम भागवणारा साधा पण नवा, वर्षाची वॉरंटी असलेला लॅपटॉप. तो चाळीस हजारांचा धरू. मधली जी जागा उरली, तिथे जुन्या लॅपटॉपला एकेक पायरी स्वतः कमवावी लागते. चालतो? चढा. विंडोज ११ घेतो? चढा. बॅटरी थकलेली? उतरा.

हा माल बाजारात येतो कुठून हे कळलं की पायऱ्या समजायला सोपं जातं. थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे बहुतेक ऑफिसांतून निघालेले असतात. बीकेसी, पवई, ऐरोली, शिवाय बंगळुरू-पुण्याचे लॉट. कंपनी कायद्यात लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय, आयकरात त्यावर दरसाल ४० टक्के घसारा मिळतो. ऐंशी हजारांचा लॅपटॉप वर्षाने वहीत ४८,००० होतो, मग २८,८००, मग १७,२८०, चौथ्या वर्षाअखेर १०,३६८. कंपनीच्या लेखी तो संपलेला असतो, म्हणून शेकड्यांनी लिलावात जातो. माझा अनुभव असा की ऑफिसच्या लॅपटॉपचा बाजारभाव चार वर्षांपर्यंत या घसाऱ्याच्या आगेमागेच चालतो. वहीतला आकडा पुढेही शून्याकडे घरंगळत राहतो, बाजारातला मात्र एका ठिकाणी अडतो. टी४८० हे मॉडेल २०१८चं. घसाऱ्याने त्याची किंमत आज दोन-चार हजारसुद्धा यायला नको, पण पंधरा-अठरा हजारांना तो हातोहात जातो. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण प्रोसेसर. आय५, आय७ हे नाव बघून भाव देऊ नका, त्यापुढचा आकडा वाचा. आय५-८३५०यू मधला पहिला ८ म्हणजे आठवी जनरेशन. इंटेलच्या या ऑफिसछाप यू प्रोसेसरमध्ये सातव्या पिढीपर्यंत दोनच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) होते, आठवीत आय५, आय७ मध्ये चार झाले. त्यामुळे आय७-७५००यू चं चकचकीत स्टिकर लावलेला लॅपटॉप हा आठव्या पिढीच्या आय५च्या मागे पडतो, आणि तरीही ‘आय७ आहे साहेब’ म्हणून दोन हजार जास्त मागतात. याच्याहून वाईट म्हणजे टी४७० आणि टी४८० दिसायला जवळपास सारखे. टी४७० मध्ये सहावी-सातवी पिढी असते. तुमच्या लेबलवर टी४८० स्पष्ट आहे, पण झाकणं आणि तळ बदललेले पीस माझ्याकडे येऊन गेलेत. म्हणून दुकानात टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

दुसरं कारण विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. सातव्या पिढीवर आडमार्गाने टाकून देणारे आहेत, मीही टाकून दिलंय, पण मग अपडेटचा भरवसा राहत नाही. सातव्या आणि आठव्या पिढीच्या भावात आज जी दरी आहे ती मुख्यतः या एका रेषेमुळे पडली. तुमचा पीस रेषेच्या बरोबर अलीकडे, अगदी काठावर उभा आहे. काठावरच्याला पुढची वर्षं कमी, हे ध्यानात ठेवा; हिशोबात ते लागणार आहे.

आता तुमचे फोटो. लेबलवर निर्मितीची तारीख १८/०८ आहे, म्हणजे ऑगस्ट २०१८. लेबलवरचा सिरियल नंबर लेनोवोच्या साइटवर टाकला की कारखान्यातून निघताना त्यात काय काय होतं ते दिसतं. डेलचा सर्व्हिस टॅग असेल तरी हीच युक्ती. दुकानदाराने ‘दोनच वर्षं वापरलाय’ म्हटलं असेल तर भांडू नका, मान हलवा आणि वय लेबलवरून मोजा.

स्क्रीनचा फोटो तुम्ही उभ्याने, जरा वरून काढलाय. निळा वॉलपेपर वरच्या बाजूला राखाडी-पांढुरका पडलाय. हे टीएन, म्हणजे कोनातून फिकट दिसणाऱ्या स्वस्त पॅनेलचं लक्षण. टी४८० मुख्यतः दोन तऱ्हेच्या स्क्रीनमध्ये यायचा: १३६६ बाय ७६८ चं टीएन आणि १९२० बाय १०८० चं (फुल एचडी) आयपीएस, जे बाजूनेही नीट दिसतं. कोड लिहिणाऱ्या मुलीला पहिल्यात एका नजरेत सुमारे सत्तर टक्केच ओळी दिसणार, आणि बाजूला बसलेल्या मैत्रिणीला नीट दिसणार नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन आकडा बघा. १३६६ निघाला तर दोन हजार सरळ कापायचे. हे पॅनेल बदलून मिळतं, पण तो खर्च दोन हजारांपेक्षा जास्त येतो, म्हणून कापताना संकोच नको.

स्क्रीनबद्दल आणखी एक, खास मुंबईचं. पूर्ण पांढरी, मग पूर्ण राखाडी इमेज उघडून ब्राइटनेस वर न्या. अंधुक पांढरे डाग दिसतात का बघा, मधोमध किंवा खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. ८:१२ च्या फास्टमध्ये पाठीवरची बॅग पोटाशी घेऊन उभं राहिलं की मागच्या-पुढच्यांचा सगळा भार झाकणावर येतो, आणि पॅनेलच्या आतले थर दबून हे डाग पडतात. काम थांबत नाही, वाढतातच असंही नाही, पण डाग असेल तर भाव उतरायलाच हवा.

बॅटरीशी जरा थांबतो, कारण लोक इथेच फसतात. ‘तीन तास बॅकअप आहे’ हे ऐकून सोडून द्या. स्टार्टवर उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा, इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहून एक जागा सोडा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून एका शब्दात बॅटरीरिपोर्ट. एंटर मारलं की एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. तिच्यात दोन आकडे शोधा: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. टी४८० ला बॅटऱ्या दोन असतात, एक आत आणि एक मागून निघणारी, त्यामुळे आकड्यांच्या जोड्याही दोन. हे लिहिताना माझ्या टेबलावर एक टी४८० पडलाय, त्याचा रिपोर्ट असा: आतली २४,००० मिलीवॉट-तासांची १३,४४० वर आलेली, म्हणजे ५६ टक्के, बाहेरची २४,०००ची २१,१२०, म्हणजे ८८. बाहेरची दाखवायला नवी घातलीय, आतली मूळचीच. असं सर्रास असतं, कारण बाहेरची बदलायला पाच सेकंद लागतात आणि आतलीसाठी तळ उघडावा लागतो. दोन्ही बदलायला चांगल्या प्रतीच्या बॅटऱ्या घेतल्या तर साधारण साडेचार हजार धरा. सायकल काउंट (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्ज झाली तो आकडा) शून्य किंवा एक-दोन दिसला म्हणजे हुरळून जाऊ नका. स्वस्तातल्या डुप्लिकेट बॅटऱ्या तो आकडा वाटेल तसा सांगतात. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगत असेल, तर आतली बॅटरी फुगलीय. तिथे भाव बोलायचाच नाही.

चार्जर फोटोत दिसतोय तो मूळचा नाही, लोगो पुसट आहे. चांगल्या टाइप-सी चार्जरचे हजार कापा. दुकानात दोन्ही टाइप-सी पोर्टमध्ये चार्जर आलटून पालटून लावून बघा, दोन्हींतून चार्ज व्हायला हवा. टी४८० च्या थंडरबोल्ट या टाइप-सी पोर्टच्या सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) खोड होती, त्याने पोर्ट निकामी व्हायचा. लेनोवोने नंतर अपडेट दिला, पण तो प्रत्येक पीसवर कुणी टाकलाय असं नाही.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन जा. हेल्थ आणि किती तास चालली ते दिसतं. ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर पुढे चला. रॅमच्या बाबतीत मात्र पूर्वीचा सल्ला मला बदलावा लागला. ‘आता आठ घ्या, नंतर आठ टाकू, स्वस्त मिळते’ हे मी वर्षानुवर्षं सांगत आलो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की आता १६ जीबी असलेल्या पीसला हजार-दोन हजार जास्त मोजणं परवडतं. टी४८० ला रॅमचे दोन खाचे आहेत. आठ एकाच खाचेत आहे की चार-चार, ते विचारा. एकात असेल तर दुसरा रिकामा, पुढे सोय.

पैसे देण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी मात्र याहून वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी अंधेरीचा एक मुलगा माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आला. दुसरीकडून बावीस हजारांना घेतलेला, दिसायला कोरा. महिनाभर मस्त चालला. मग त्याने विंडोज रीसेट केलं, वायफाय जोडलं, आणि स्क्रीनवर एका कंपनीचं नाव आलं: ऑफिसचा ईमेल टाका, मगच पुढे. लॅपटॉप कंपनीच्या यादीतून काढलेलाच नव्हता. लिलावात कुणी विसरलं असेल, किंवा माल चोरीचाही असेल. त्याच्याकडे बिल नव्हतं, त्यामुळे विचारायला जाणार कुठे? मी तो घेतला नाही. त्याला म्हटलं, विकणाऱ्याकडे परत जा, नाही ऐकलं तर पोलिसांकडे जा, पण तिसऱ्याच्या गळ्यात मारू नकोस. तर तुम्ही दुकानातच विंडोज रीसेट करायला सांगा, नेट जोडा, पहिली स्क्रीन येईपर्यंत बसा. अर्धा तास जाईल, चहा मागवा. मग परत चालू करून एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर उठा. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड बॅटरी काढून जात नाही, आणि ‘काढून देतो नंतर’ हे वाक्य दुकानाच्या दारातच विरतं.

समुद्राची हवा आणि पावसाळा यांचा मार आतून बसतो, म्हणून मोबाइलची टॉर्च घेऊन पोर्टमध्ये डोकवा. धातूवर हिरवट किंवा तांबूस थर, तळाच्या स्क्रूंची डोकी गंजलेली, नाक जवळ नेलं तर कुबट वास: यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या तर तो पीस पाण्याचा आहे असं मी धरतो. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर कितीतरी महिने असे धुवून-वाळवून चकाचक केलेले लॅपटॉप आमच्याकडे दुरुस्तीला येत होते. आज सुरू होतात, दिवाळीला बंद पडतात. पाण्याच्या पीसला तळाच्याच भावात घ्यायचं, म्हणजे तुम्ही घ्यायचंच नाही. कीबोर्डची सगळी बटणं, कॅमेरा, स्पीकर, बिजागरीची कुरकुर हे तर तुम्ही बघालच. झाकणावरचे ओरखडे आणि कोपऱ्यातला पोचा मात्र फार मनावर घेऊ नका. त्याने लॅपटॉप हळू होत नाही, उलट भाव पाडायला बरा पडतो.

आता हिशोब. फुल एचडी पॅनेल, ८/२५६, दोन्ही बॅटऱ्या ऐंशीच्या वर आणि बरा चार्जर असा टी४८० मी सध्या १८,५०० ला देतो. तुमच्या पीसचे पॅनेलचे दोन हजार आणि चार्जरचा एक गेले, राहिले १५,५००. हे बॅटऱ्या ठीक आहेत असं धरून. रिपोर्टमध्ये कोणतीही सत्तरच्या खाली निघाली तर तिचेही पैसे वजा.

हा आकडा एकदा वर्षांनी भागून बघा, माझा खरा काटा तोच. काठावरचा लॅपटॉप म्हणून मी याला कॉलेजची तीन वर्षं देतो. १५,५०० ला घेतला आणि मध्येच दोन्ही बॅटऱ्या बदलल्या तरी २०,००० होतात, वर्षाला ६,६६७. चाळीस हजारांचा नवा पाच वर्षं चालला तर वर्षाला ८,०००. आणि हाच जुना चोवीसला घेऊन वर साडेचारच्या बॅटऱ्या घातल्या तर २८,५००, वर्षाला ९,५००. म्हणजे दुकानदाराच्या भावात जुना हा नव्यापेक्षा महाग पडतो. जुनं घेतलं म्हणजे पैसे वाचलेच, हा समज इथे आपटतो. मुलीला चारही वर्षं एकच लॅपटॉप पुरवायचा असेल, तर मी दहाव्या-अकराव्या पिढीचा लॅटिट्यूड किंवा थिंकपॅड टी१४ बघायला सांगेन, चार-सहा हजार जास्त पडले तरी. फक्त टी१४ च्या पहिल्या पिढीत रॅमचा एक हिस्सा बोर्डावरच चिकटवलेला असतो, खाचा एकच. तिथे सुरुवातीलाच जास्त रॅमचा घ्या.

मॅकबुकचा विषय तुम्ही काढलेला नाही, पण मुलगी काढेल. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एम१ एअर इथे ९२,९०० पासून होता आणि त्याचा भाव फार सावकाश उतरतो. त्यात रॅम आणि स्टोरेज दोन्ही वाढत नाहीत, आणि आधीच्या मालकाने समोर बसून तो आपल्या ॲपल अकाउंटमधून काढल्याशिवाय हात लावू नका. जुना गेमिंग लॅपटॉप तर पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मी कुणालाच सुचवत नाही.

भावाचा अंदाज घेताना जाहिरातींतले आकडे धरू नका. ते मागणीचे आकडे असतात, सौद्याचे नसतात. तीन दुकानांत तोच मॉडेल विचारा आणि शेवटी ‘घेऊनच जातो, शेवटचं किती?’ म्हणा. तिन्ही उत्तरं साधारण एकाच जागी येतात, तो बाजार. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी कुणाला तुमच्यासाठी अर्धा तास नसतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, शटर वर जाताच जा. भवानीच्या वेळी आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये असं मानणारे अजून पुष्कळ आहेत.

‘बिल हवं तर अठरा टक्के वर’ असं सांगतील. जुन्या मालावर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं नसेल, तर व्यापाऱ्याला सीजीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे फक्त आपल्या नफ्याच्या फरकावर कर भरण्याची मुभा आहे. तेव्हा पूर्ण रकमेवर अठरा टक्के ऐकून घाबरू नका, पण बिलाशिवायही येऊ नका. त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसमोर ‘मदरबोर्डसकट’ हे शब्दही. एक महिन्याऐवजी सहा महिने लिहून देणारा हजार-दीड हजार जास्त मागत असेल तर मी त्याच्याकडून घेईन.

जाण्याआधी दुकानदाराला फोन करून दोन गोष्टींचे फोटो मागा: बॅटरी रिपोर्टमधल्या दोन जोड्या आणि डिस्प्ले सेटिंगमधला आकडा. ते आले की मला पाठवा, साडेपंधरात काही फरक करायचा का ते सांगतो.